टीव्हीच्या चर्चेत चाळीस सेकंद मिळतात. त्यात हवामान बदल कसा सांगायचा?

काडी_आणि_माती (निफाड तालुका)

मंडळी, गुरुवारी रात्री नऊच्या चर्चेला चॅनेलवर यायचं का, असा फोन आलाय. उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय. मागच्या वेळी काय झालं ते आधी सांगतो, मग प्रश्न.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. त्रिपुरी पौर्णिमेचा सुमार. आमच्या साडेतीन एकर थॉमसन द्राक्षबागेचा छाटणीपासून पंचेचाळीसावा दिवस, फुलोरा संपून मणी ज्वारीएवढे झालेले. संध्याकाळी गारपीट झाली. अण्णा डोक्यावर घमेलं धरून बांधावर उभे होते, घमेल्यावर गारांचा ताशा वाजत होता आणि त्यांना आत ये म्हणायची कुणाची छाती नव्हती. थांबल्यावर मांडवाखाली गेलो तर पायाखाली हिरवा चिखल. पानं, कोवळे शेंडे, घड, सगळं एकत्र. ड्रिपच्या नळीला चिकटलेला एक अर्धा घड अण्णांनी उचलला, तारेवर ठेवला आणि काही न बोलता घरी गेले. तारेवर का ठेवला ते मी अजून विचारलेलं नाही.

मी त्याचा व्हिडिओ टाकला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी एका चॅनेलमधून फोन. "तुम्ही तरुण शेतकरी ना? बीएस्सी ॲग्री? रात्री लाइव्ह याल? मोबाइल आडवा धरा, मागे बाग दिसू द्या." रात्री नऊला बाग कशी दिसणार? मग ट्रॅक्टर बागेत घातला, हेडलाइट लावले आणि मी त्या उजेडात उभा. चुलतभावानं फोन धरला. उजेडाला जमलेल्या चिलटांतली दोन माझ्या तोंडात गेली, तीही थेट प्रक्षेपणात.

पडद्यावर सहा खिडक्या. दोन पक्षांचे दोन प्रवक्ते, एक शेतकरी नेते, एक निवृत्त कृषी हवामानशास्त्रज्ञ, मी, आणि एक ज्येष्ठ विश्लेषक. हे विश्लेषक आदल्याच आठवड्यात आपण वर्ल्डकपची फायनल का हरलो ते सांगत होते. विषय होता: निसर्गाचा कोप की हवामान बदल?

पहिली वीस मिनिटं प्रवक्ते पंचनाम्यांवरून भांडले. मग विश्लेषक म्हणाले, हवामान कायमच बदलत आलंय, हिमयुग काय डिझेलच्या गाड्यांनी संपलं का? सगळे हसले. अँकरनं शास्त्रज्ञांना विचारलं, "सर, एका शब्दात सांगा. कालची गारपीट हवामान बदलामुळेच झाली, हो की नाही?" सर म्हणाले, "एका विशिष्ट गारपिटीबद्दल तसं ठामपणे म्हणता येत नाही. मात्र..."

ते मात्र तिथंच राहिलं. अँकर ओरडला, "म्हणजे शास्त्रज्ञांनाच खात्री नाही!" खाली पट्टीवर तेच आलं. ब्रेक. ब्रेकनंतर मला चाळीस सेकंद मिळाले, त्यातले पंधरा "आवाज येतोय का" यात गेले. उरलेल्यात नुकसानीचा आकडा सांगितला आणि माझी खिडकी बंद झाली.

घरात आलो तर अण्णा खाटेवर. "बघ, त्यो सायबबी म्हन्ला ना, सांगता येत नाही. मग तू कशाला उगा कार्बन-कार्बन करतो? बहात्तरला दुष्काळ पडला तवा कुठं गेला व्हता कार्बन?" दोन वर्षं झाली, गावात कुठंही हा विषय निघाला की तेच वाक्य. टीव्हीवर सांगितलं ना, शास्त्रज्ञांनाच खात्री नाही म्हणून.

आता गंमत बघा. हेच अण्णा पारावर सांगतात की पूर्वी कार्तिकात असा पाऊस नव्हता, थंडी दसऱ्याला लागायची, आता डाऊनी रोगाची फवारणी कधी थांबवावी तेच कळत नाही. म्हणजे बदल झालाय हे त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी कळलंय, पण "हवामान बदल" म्हटलं की खोटं.

यंदा म्हणजे २०२५ ला तर मेपासूनच पाऊस. २६ मेला मान्सून मुंबईत होता. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर वेलीच्या काडीत घड तयार व्हायला जे ऊन लागतं, ते मिळालंच नाही. ऑक्टोबरात छाटून बघितलं तर काडीवरचे डोळे फुटले, पण घड कमी, आणि होते त्यातलेही जिरले, म्हणजे वाढण्याआधीच नाहीसे झाले. त्यावरच चर्चा आहे. विषय: हवामान बदल, सत्य की बागुलबुवा?

जाऊ का? आणि गेलो तर चाळीस सेकंदांत काय बोलू?

---

रिकामटेकडा_गंगाघाट

जाऊ नका. नऊ वाजता आमच्याकडे या, मिसळ खाऊ. तिखट तेवढंच, पण आपली पाळी येते.

---

जुनी_डेस्कवाली

मी मुंबईत एका वृत्तवाहिनीच्या गेस्ट डेस्कवर नऊ वर्षं काढली, आता गंगापूर रोडला शांतपणे राहते. तुम्हाला आला तसले फोन मीच करायचे, म्हणून लिहिते.

दुपारी चारच्या सुमारास रात्रीचा विषय ठरतो. मग आमच्याकडे यादी. लोकांना वाटतं यादीत माणसापुढे त्याचा अभ्यासाचा विषय लिहिलेला असतो. नाही. बाजू लिहिलेली असते. हा बाजूनं बोलतो, हा विरोधात, हा चिडतो, हिचं नेटवर्क चांगलं. सहा वाजेपर्यंत दोन्हीकडचे भरले नाहीत तर डेस्कवर बोंब. हवामान बदलाच्या एका कार्यक्रमाला मला "विरोधात" माणूसच मिळेना. हवामानशास्त्रातले सात जण झाले, एकही तयार नाही. नाकारायला काही उरलेलंच नाही, तर ते काय बोलणार? शेवटी एक निवृत्त इंजिनियर मिळाले, गृहस्थ सज्जन, पूल बांधण्यात हुशार. पडद्यावर त्यांची आणि शास्त्रज्ञांची खिडकी एकाच आकाराची. घरी बसलेल्याला काय दिसलं? एक इकडून, एक तिकडून, म्हणजे प्रकरण निम्मं-निम्मं. त्या रात्री मला झोप लागली, हेही कबूल करते. वाईट वाटायला नंतर चार-पाच वर्षं लागली.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. ऑगस्ट २०१७ मध्ये ब्रिटनचे माजी अर्थमंत्री नायजेल लॉसन बीबीसी रेडिओवर सांगून गेले की गेल्या दहा वर्षांत जगाचं तापमान वाढलेलंच नाही, आणि मुलाखत घेणाऱ्यानं त्यांना टोकलं नाही. तक्रारी झाल्या, बीबीसीला चूक मान्य करावी लागली, तिथल्या नियामकानंही ठपका ठेवला. २०१८ मध्ये बीबीसीनं आपल्या लोकांना लेखी कळवलं की समतोल साधायला हवामान बदल नाकारणारा पाहुणा आणायची गरज नाही. उदाहरण फुटबॉलचं दिलं होतं. शनिवारचा सामना दोन-शून्य सुटला, तर तो तसा सुटलाच नाही म्हणणारा पाहुणा आपण आणतो का? अमेरिकेत तर २००४ सालीच एक अभ्यास छापून आला होता. तिथल्या चार मोठ्या वर्तमानपत्रांच्या १९८८ ते २००२ मधल्या बातम्या तपासल्या, तर निम्म्याहून थोड्या जास्त बातम्यांत दोन्ही बाजूंना सारखं माप होतं, जेव्हा शास्त्रज्ञांत तसा निम्मा-निम्मा वाद नव्हता.

आता तुमच्या कामाचं. तुमच्या त्या सरांची चूक एवढीच की प्रश्न ज्या क्रमानं आला त्याच क्रमानं त्यांनी उत्तर दिलं. अँकरच्या कानात पीसीआरमधून, म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूममधून, कुणीतरी सतत बोलत असतं, "काप, काप, ब्रेकला चल". तो तुमचं वाक्य ऐकत नसतो, कापायची जागा शोधत असतो. "मात्र" ही कापायची सगळ्यात सोपी जागा. म्हणून उलटं बोलायचं. जे पक्कं माहीत आहे ते आधी, जे सांगता येत नाही ते शेवटी. मग कापलं तरी पक्कं ते बोलून झालेलं असतं. आणि "आवाज येतोय का" विचारू नका, येत असतोच.

---

पालखेड_डावा_कालवा

राग मानू नका दादा, तुमच्याच तालुक्यातला आहे, माझेही घड जिरले. पण मला विचाराल तर हा विषयच मोठ्या लोकांचा. जो उठतो तो शेवटी आमच्यावर येतो. पाचट जाळू नका, डिझेल जाळू नका, पाणी कमी वापरा. अरे, आपल्या देशात माणशी धूर जगाच्या सरासरीच्या निम्मासुद्धा नाही, आणि समजूतदारपणा मात्र आम्हीच दाखवायचा. म्हणून लोक म्हणतात सगळं खोटं आहे. खोटं म्हटलं की निदान बिल आपल्या नावावर फाटत नाही.

चर्चेत बोलायचंच तर विम्याचं बोला. हवामानावर आधारित फळपीक विम्यात आमचं नुकसान बागेत येऊन कुणी बघत नाही, महसूल मंडळाला एक स्वयंचलित हवामान केंद्र, त्याच्या आकड्यावर भरपाई. माझ्या बागेत धो धो आणि यंत्राजवळ भुरभुर, झालं. गारपिटीला तर वेगळा हप्ता भरावा लागतो. बाग झाकायला प्लॅस्टिक कव्हर करा म्हणतात, त्याचा खर्च एकरी लाखांत. यावर सहा खिडक्या उघडून बघा कोण बोलतंय.

---

निवृत्त_भूगोल_पंचवटी

चिरंजीव, मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला, तेव्हा थोडं लांबण लागेल. अण्णांचा प्रश्न चांगला आहे, त्याला हसू नका. बहात्तरचा दुष्काळ मी बघितलाय, सुकडी खाल्लीय.

नाशिककरांना उदाहरण गोदावरीचं द्यावं. आपण पूर कशानं मोजतो? नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीनं. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. ६९ चा महापूर, २००८, २०१६, २०१९, जो तो आपला पूर सांगतो. पण मारुती नुसता पाऊस मोजत नाही, गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं तेही मोजतो. पात्रात पूल किती, घाटाला काँक्रीट किती, तेही मोजतो. म्हणून एका पुरावरून "हवामान बदललं" म्हणणारा चूक, आणि "६९ लाही पूर होता, म्हणजे काही बदललं नाही" म्हणणाराही तेवढाच चूक. दोघंही मारुतीकडेच बघताहेत. हवामान म्हणायला निदान तीस वर्षांच्या नोंदी धरतात, आणि त्याही एका घाटावरच्या नव्हेत.

त्या नोंदी आहेत. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेच्या लोकांनी तयार केलेला आणि २०२० मध्ये भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं प्रसिद्ध केलेला अहवाल सांगतो की १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसनं वाढलं. याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं झालेला २०१७ चा एक अभ्यास म्हणतो की मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून २०१५ पर्यंत तिप्पट झाल्या. अण्णांना म्हणावं, हे परदेशी कारस्थान नाही, पुण्यात पाषाण रोडवर बसून काढलेले आकडे आहेत.

आता त्या विश्लेषकांचं हिमयुग. ते डिझेलनं संपलं नाही, अगदी खरं. पृथ्वीच्या कक्षेत आणि आसाच्या कलात हजारो वर्षांत जे फरक पडतात त्यानं संपलं, आणि संपायलाही हजारो वर्षं लागली. कारखाने येण्यापूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे २८० होता. १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर रोजचं मोजमाप सुरू झालं तेव्हा ३१५ च्या आसपास. आज ४२० च्या वर. माझ्या एका आयुष्यात झालेला हा फरक. सूर्यच जास्त तापतोय म्हणणाऱ्याला एक प्रश्न विचारावा. सूर्यामुळे असतं तर वातावरणाचा वरचा थर, स्थितांबर, तोही तापायला हवा होता. खाली तापतंय आणि वर गार होतंय, ते का? माझ्या वर्गात हा प्रश्न मागच्या बाकावरच्या एका पोरानं सोडवला होता. तो म्हणाला, "सर, गोधडी पांघरली की आत ऊब आणि बाहेर गारच." पैकीच्या पैकी दिले.

तुमच्या सरांना मी दोष देणार नाही. गारपिटीच्या जुन्या नोंदीच अपुऱ्या. गार पडते तेवढ्याच पट्ट्यात पडते, शेजारच्या शिवारात थेंब नसतो, आणि तासाभरात पुरावा वितळून जातो. त्यामुळे गारपिटीबद्दल जगभरचे शास्त्रज्ञ सावध बोलतात. उष्णतेच्या लाटांबद्दल, अतिवृष्टीबद्दल मात्र ते इतके सावध नाहीत. चर्चेत या सगळ्याची एकच मोळी बांधतात आणि सगळ्यात कच्ची काडी ओढून दाखवतात.

जाता जाता: आपल्याकडे मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते. एक वक्ता, तास-दीड तास, समोर फरशीवर बसलेली माणसं. तिथं "मात्र" च्या पुढचं ऐकायला लोक थांबतात. डास चावतात, पण थांबतात.

---

काडी_आणि_माती

सर, नमस्कार. एक विचारायचं राहिलं. निर्यातीसाठी आम्ही फवारणीची डायरी ठेवतो, कुठल्या तारखेला काय मारलं, पाऊस कधी झाला. अण्णांच्या हातच्या अकरा वर्षांच्या डायऱ्या आहेत. ती नोंद टीव्हीवर दाखवली तर?

---

निवृत्त_भूगोल_पंचवटी

दाखवा, पण पुरावा म्हणून नको. अकरा म्हणजे तीस नव्हेत, आणि फवारण्या वाढल्या यामागे औषधांना न जुमानणारा रोगही असू शकतो. तुम्हीच कच्ची काडी पुढे केलीत तर ते तीच ओढतील. अण्णांना मात्र जरूर दाखवा. अक्षर त्यांचंच आहे.

---

काडी_आणि_माती

ठरलं, जातो. हे लिहिलंय, बघा बरं:

"आदरणीय अँकर महोदय, १९०१ पासून २०१८ पर्यंत भारताचं सरासरी तापमान ०.७ अंशानं वाढलं, हे आपल्याच पुण्याच्या शास्त्रज्ञांनी काढलंय. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के बाष्प जास्त मावतं, म्हणून पडतो तेव्हा पाऊस कोसळतो. मी बाग लावतो तेव्हा पंधरा वर्षांचा हिशेब धरतो, आणि जुन्या हवामानावर तो हिशेब आता बसत नाही. यंदाचा प्रत्येक ढग यामुळेच आला का, ते मी सांगणार नाही. पण कव्हरचा आणि विम्याचा भार कोणी उचलायचा, यावर दोन्ही प्रवक्त्यांनी आज उत्तर द्यावं."

---

जुनी_डेस्कवाली

घड्याळ लावून वाचलं, बेचाळीस सेकंद. "आदरणीय अँकर महोदय" काढा, तिथंच तुमची खिडकी छोटी होते. शेवटचं वाक्य छान. दोन्ही प्रवक्ते एकदम गप्प बसले तर तो क्षण रेकॉर्ड करून ठेवा.

---

पालखेड_डावा_कालवा

विम्याचं घेतलंत, बरं केलंत. मंडळातल्या यंत्राचंही घाला की.

---

जुनी_डेस्कवाली

नका घालू. पन्नास होतील.

---

काडी_आणि_माती

शुक्रवार सकाळ. काय झालं ते सांगतो.

साडेआठला ट्रॅक्टर बागेत घातला, हेडलाइट लावले, या वेळी तोंडाला उपरणं गुंडाळून उभा राहिलो. पावणेनऊला फोन. कुठल्या तरी माजी आमदाराचा पक्षप्रवेश झालाय, आजचा विषय बदलला, तुम्हाला होल्डवर ठेवतोय, पुढच्या आठवड्यात बघू. चुलतभाऊ वैतागून निघून गेला.

अण्णा तिथंच, मांडवाच्या खांबाला टेकून. म्हणाले, "पाठ केलंय ना? मग म्हन की." मी म्हटलं कुणाला म्हणू? "मला म्हन." आणि माझाच मोबाइल घेऊन त्यात घड्याळ लावून बसले.

मी म्हटलं सगळं. मध्ये थांबवलं नाही त्यांनी. बाष्पाच्या वाक्याला वर ढगाकडे बघितलं. झाल्यावर म्हणाले, "मंग बहात्तरचं काय?" मी सरांचा मारुती सांगितला. मारुतीवर हसले. मग म्हणाले, "आन त्यो साहेब त्या दिवशी मात्र म्हनून काय सांगनार व्हता?"

मला जेवढं कळलं तेवढं सांगितलं, गारांच्या नोंदी, पट्टा, वितळणं. दहा-बारा मिनिटं गेली असतील. ते घड्याळ बंद करायला विसरले होते.

"तेरा मिंटं झाली," म्हणाले. "लाइट बंद कर आता, बॅटरी उतरंल."